हद्द शेवटी काढायची

दोह्यात मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात एखादं नवीन जोडपं भेटलं की पहिला प्रश्न असतो नवऱ्याच्या कंपनीचा आणि दुसरा माझ्या नोकरीचा. मी "नकाशे काढते" असं सांगते. मग समोरचा माणूस हातातला फोन किंचित वर करून विचारतो, "पण नकाशे आता सगळे यात असतात ना?" असतात. फोनमधला नकाशा चुकला तर आपण पुढच्या चौकातून वळून येतो. माझ्या नकाशात रेघ चुकली तर कोणाची तरी गॅसची लाइन फुटते, नाहीतर कोणाचं तरी घर दुसऱ्या देशात जातं. गॅसच्या लाइनींचं काम मी माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं केलं. घरं दुसऱ्या देशात जाण्याचं काम गेल्या चार वर्षांतलं. या लेखात त्याबद्दलच सांगणार आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या सगळ्यांना विचारलं आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

आधी धंद्याबद्दल थोडं. नकाशा म्हणजे एक चित्र नसतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे त्याचे थर असतात. सर्वांत खाली जमिनीचा चढउतार, त्यावर पाणी, त्यावर रस्ते, मग विजेच्या तारा, मग घरं, मग शाळा-दवाखाने. कोणता थर आधी टाकायचा आणि कोणता नंतर, यात निम्मं कौशल्य आहे. रास लफानच्या गॅस प्लांटवर मी लागले तेव्हा दोन कंपन्यांच्या पाइपलाइन एकमेकींना ओलांडायच्या तिथे कायम भांडणं. कोणाची लाइन वर, कोणाची खाली, खोदताना परवानगी कोणाची, गळती झाली तर जबाबदारी कोणाची. मी ओलांडणीचं मोठं पान काढून दोघांच्या इंजिनिअरांना एकाच टेबलाशी बसवायची. कागद समोर आला की आवाज खाली येतात, हे मी तिथे शिकले. आम्ही तेव्हा अल खोरला राहायचो. माझा नवरा प्रकाश त्याच प्लांटवर शिफ्टमध्ये असायचा, आणि कंपनीच्या बसमध्ये कधीकधी एक जण जाताना दुसऱ्याला येताना हात करायचो.

पुढे आम्ही दोह्यात अल अझीझियाला राहायला आलो आणि मी वेस्ट बेमधल्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये लागले. तिथे एक दिवस अबू फहद आले. हे कतारी गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलणं हळू, चहा मात्र पेल्यामागून पेला. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर एक छोटा अभ्यासगट जमवला होता. ते म्हणाले, "उम्म रोहन, इस्रायल आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न सोडवायला जगात पुष्कळ भाषणं झाली. मला भाषण नको. मला नकाशा हवा. जे जे तोडगे लोक सुचवतात, ते प्रत्यक्ष जमिनीवर काढले तर कसे दिसतील तेवढं मला बघायचं आहे."

मला लोक इथे उम्म रोहन म्हणतात, रोहनची आई. माझं नाव वसुधा आहे हे ऑफिसात फक्त पगाराच्या कागदावर असतं.

गटात तिघं होते. समीरा पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाची, नगररचनाकार, माझ्याच वयाची, बोलताना चष्मा काढून हातात घेणारी. योनातन इस्रायलमधल्या हैफाचे, तेही नगररचनाकार, सत्तरीचे. इस्रायली पासपोर्टवर इथे येणं अवघड, म्हणून ते वडिलांच्या मूळ देशाच्या पासपोर्टवर दोह्याला आले होते. आणि हानी, गाझामधल्या एका नगरपालिकेचा पाणीपुरवठा इंजिनिअर, जेमतेम चाळिशीचा. त्याला बाहेर पडायची परवानगी मिळाली नाही, म्हणून तो भिंतीवरच्या पडद्यावर असायचा. वीज गेली की गायब व्हायचा आणि आली की "कुठवर आलात?" म्हणत परत यायचा.

पहिली सकाळ नावांवर गेली. योनातनांना गावांची नावं हिब्रूत हवी होती, समीराला अरबीत. मी दोन्ही घालू म्हटलं, तर वर कोणतं आणि खाली कोणतं यावर अडलं. शेजारी शेजारी घालावीत तर दोन्ही लिप्या उजवीकडून सुरू होतात, म्हणजे उजवीकडचं नाव आधी वाचलं जाणार. मी वैतागून म्हटलं, "मग नावं काढूनच टाकते. गावांना नंबर देते."

समीराने चष्मा काढला. "आम्हाला आजवर पुष्कळ नंबर मिळालेत, वसुधा. आता नाव असू दे."

शेवटी मी दोन प्रती छापल्या. योनातनांच्या प्रतीत वर अरबी नाव, समीराच्या प्रतीत वर हिब्रू. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव आधी वाचायचं. दोघांनी कागद हातात घेतला, एकमेकांच्या प्रतीत डोकावून पाहिलं. मग योनातन म्हणाले, "हा अन्याय दोघांवर सारखाच दिसतो. पुढे चला." अबू फहदनी चहा मागवला.

तोडगे तीन होते, आणि तिन्ही जगात आधीपासून चर्चेत असलेले. पहिला, दोन वेगळी राष्ट्रं. सदुसष्टच्या युद्धाआधीची जी रेघ होती ती धरून चालायची, रेघेपलीकडच्या मोठ्या इस्रायली वसाहती इस्रायलकडे ठेवायच्या आणि तेवढीच जमीन दुसरीकडून पॅलेस्टाइनला द्यायची. दुसरा, राष्ट्रं दोन पण हद्द उघडी. नागरिकत्व ज्याचं त्याचं, राहणं-फिरणं दोन्हीकडे, काही सरकारी खाती सामायिक. तिसरा, एकच राष्ट्र आणि प्रत्येकाला सारखं मत. बाहेरून ऐकताना ही तीन वाक्यं आहेत. काढायला बसलं की प्रत्येकाचे शेकडो प्रश्न होतात. निर्वासितांची मुलं-नातवंडं परत आली तर कुठे राहतील? विमानतळ कोणाचा? जेरुसलेम दोघांची राजधानी असेल तर कचऱ्याची गाडी कोणाची? जेरुसलेमचं पान मी सगळ्यांत जास्त वेळा छापलं आणि अजून एकदाही ते मला कोणी पुरं करू दिलेलं नाही.

पहिल्या नकाशाच्या वेळी योनातनांनी जाड मार्करने हद्द काढली. समीराने विचारलं, "ही रेघ किती रुंद आहे?"

"रेघेला रुंदी नसते," योनातन म्हणाले.

असते. हे मला सांगता आलं, कारण हा माझा विषय. त्या पानावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. मार्करची रेघ तीन मिलिमीटरची. एक अख्खी वस्ती तिच्याखाली झाकली जात होती. हे काही नवीन नाही. एकोणीसशे एकोणपन्नासची शस्त्रसंधी झाली तेव्हाही नकाशावर जाड पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या आणि रेघेच्या जाडीखालची जमीन कोणाची, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. मग मी पान मोठं करत गेले. गाव दिसू लागलं, गल्ल्या दिसू लागल्या, शेवटी एक घर, मागे ऑलिव्हची झाडं, आणि झाडांपलीकडे त्या घराची पाण्याची टाकी. हद्द नेमकी घर आणि टाकीच्या मधून जात होती.

त्या एका घरावर दोघं दुपारभर भांडले. रेघ इकडे घ्या, तिकडे घ्या. इकडे घेतली तर पुढचा रस्ता तुटतो, तिकडे घेतली तर वसाहतीचं कुंपण येतं. पडद्यावर हानीने हात वर केला. मग म्हणाला, "घर कोणत्या देशात जाणार यावर तुम्ही भांडताय. त्या घरातली बाई पाणी आणायला रोज देश ओलांडणार का, ते आधी ठरवा. माझं म्हणणं, हद्द असू दे, पण उघडी असू दे."

"उघड्या हद्दीतून पाणी आणणारी बाईच येईल याची खात्री कोण देणार?" योनातनांनी विचारलं.

"आणि बंद हद्दीवर चौकी कोणाची?" समीरा म्हणाली. "तिथे माझ्या मुलीला ताटकळत कोण उभं करणार?"

मी मार्करला टोपण लावलं. पाइपलाइनीच्या दिवसांतली एक गोष्ट मला ठाऊक होती. मी म्हटलं, "आपण उलट्या क्रमाने जातोय. हद्द हा सर्वांत वरचा थर आहे. आधी पाणी काढू, मग रस्ते, मग दवाखाने. हद्द शेवटी काढायची."

अबू फहद म्हणाले, "यल्ला, चला, पाणी."

पाण्याचं पान हानीचं. गाझातल्या प्रत्येक बोअरची जागा, खोली, पाण्याचा खारटपणा त्याला तोंडपाठ होता, आणि ज्याची खात्री नसे तिथे तो दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघून यायचा. डोंगरातल्या जलसाठ्याची माहिती समीराने आणली, किनाऱ्यावरच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांची योनातनांनी. ते पान बनत गेलं तशी एक गोष्ट उघड झाली. जमिनीखालचं पाणी तिन्ही तोडग्यांत तेच राहत होतं. एक राष्ट्र करा, दोन करा, पंप दोघांनी मिळूनच चालवावे लागणार होते. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं पान कोणतं विचाराल तर मी तेच दाखवीन. तिन्ही नकाशे त्या पानावर उभे राहिले. तिन्हींत त्रुटी होत्या, तिन्हींवर आक्षेप होते, पण काढताच येत नाही असा त्यांत एकही नव्हता. प्रश्न सुटणं अशक्य आहे असं कोणी टीव्हीवर म्हटलं की मी अजूनही प्रकाशला आवाज कमी करायला सांगते.

मग ऑक्टोबर २०२३ आला.

योनातनांची बहीण गाझाच्या कुंपणाजवळच्या एका वस्तीत राहायची. हमासचे लोक कुंपण तोडून आत आले त्या सकाळी तिचा नवरा घरातच मारला गेला. योनातनांनी अबू फहदना एका ओळीत कळवलं. थोड्याच दिवसांत हानीचा फोन लागेना. गाझावर बॉम्ब पडत होते आणि मी रोज पाण्याचं पान उघडून त्याच्या नगरपालिकेची जागा बघत बसायची, जणू तिथे तो दिसणार आहे. समीराने लिहिलं, "मला आता नकाशा बघवत नाही. माफ करा." तिला माफ करण्यासारखं काहीच नव्हतं.

हानी जिवंत असल्याचं कळलं तेव्हा त्याचे आई-वडील आणि भाऊ गेलेले होते. घर गेलेलं होतं. त्याची मुलगी रीम, अकरा वर्षांची, ढिगाऱ्याखालून निघाली पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाझातल्या जखमींना उपचारांसाठी कतारमध्ये आणत होते, त्यांतल्या एका विमानाने बापलेक दोह्याला आले. ज्या माणसाला मी फक्त पडद्यावर पाहिलं होतं तो माझ्यापेक्षा बुटका निघाला. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले होते. रीमने भाजी खाल्ली, वरणाकडे संशयाने पाहिलं. हानी डब्याचं झाकण हातात धरून बसला. मग म्हणाला, "उम्म रोहन, फाइल आहे का अजून?"

"आहे."

"सगळे थर?"

"सगळे."

त्याने मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली.

दुसऱ्या आठवड्यापासून तो ऑफिसात येऊ लागला. उपग्रहाच्या ताज्या चित्रांवर तो आपलं शहर शोधायचा. गल्ल्या उरल्या नव्हत्या, सगळं एकाच राखाडी रंगाचं. तो जुन्या पानावरची बोअर त्या चित्रावर ठेवायचा आणि सांगायचा, ही गेली असणार, ही कदाचित असेल, इथे शाळा होती. मी त्याप्रमाणे खुणा करायची. इतक्या वर्षांत नकाशे काढताना माझे डोळे भरून आले ते तेवढेच, आणि तेव्हाही हानीने बघू नये म्हणून मी उठून प्रिंटर तपासायला जायची.

गेल्या वर्षी सप्टेंबरात युद्ध आमच्या शहरात आलं. वाटाघाटींसाठी दोह्यात राहणाऱ्या हमासच्या नेत्यांवर इस्रायलने हवाई हल्ला केला. मी ऑफिसात होते. काच हादरली, मागोमाग आवाज, मग दूरवर काळा धूर. रोहनचा बंगळूरहून फोन. "Aai, where are you? Just go home." लहानपणापासून मी मराठीत बोलते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. मी म्हटलं, "अरे, ठीक आहे मी. बाबांनाही फोन कर." फोन ठेवून मी खिडकीपासून दूर झाले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या खिडक्या नकाशावर काढत होते. त्या दुपारी माझी स्वतःची खिडकी त्यात आली.

अबू फहद दुसऱ्या दिवशी आले ते खूप थकलेले दिसत होते. "खलास," ते म्हणाले. "माझ्या शहरावर बॉम्ब पडल्यावर मी त्या देशाच्या माणसाला टेबलाशी बोलावू? माझी मुलंच मला विचारतात."

हानी संगणकासमोर बसला होता. तो वळला नाही. म्हणाला, "अबू फहद, तुमच्या शहरावर एकदा पडला. माझ्या शहरावर किती पडले ते तुम्ही जाणता. मी बसायला तयार आहे. तुम्ही फक्त पडदा लावा."

अबू फहदनी त्यावर चहा मागवला नाही. जाताना मला म्हणाले, "समीराला आणि योनातनना विचारा. आले तर आले. इन्शाल्ला."

पुढच्या महिन्यात शस्त्रसंधी जाहीर झाली. ती किती पाळली जाते यावर दोन्हीकडचं म्हणणं वेगळं होतं, पण त्या हिवाळ्यात आमची बैठक भरली. या वेळी हानी खोलीत होता आणि बाकीचे दोघं पडद्यावर. योनातन फार म्हातारे दिसत होते. 

हानी म्हणाला, "तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचं कळलं होतं. तेव्हा लिहू शकलो नाही."

योनातन म्हणाले, "तुमच्या आई-वडिलांचं आणि भावाचं अबू फहदनी सांगितलं. मी लिहू शकलो असतो. काय लिहावं ते सुचलं नाही." मग त्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"चालते. पायाला शिव्या देते, पण चालते."

समीराने डोळे पुसले आणि चष्मा परत घातला. मग मी तिन्ही नकाशे पडद्यावर आणले आणि आमच्या कामातली सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. तिघांनीही आपापल्या जागा बदलल्या होत्या. उघडी हद्द मागणारा हानी म्हणाला, "मला आता दार हवं. माझं दार, त्याची किल्ली माझ्याकडे. शेजाऱ्याशी नंतर बघू." दोन राष्ट्रांची हद्द काटेकोर आखणारी समीरा म्हणाली, "एवढ्या वसाहती वाढल्यावर तुझ्या दाराला चौकट तरी लागेल का? मी आता एक राष्ट्र आणि सारखं मत यावर आले आहे." आणि योनातन, ज्यांना उघड्या हद्दीची सर्वांत जास्त भीती होती, ते म्हणाले, "माझ्या बहिणीच्या घराजवळ जगातलं सर्वांत महागडं कुंपण होतं. मला कुंपणाचं आता काही सांगू नका. मी दुसऱ्या नकाशाबद्दल विचार करतो आहे. भीती गेलेली नाही. भीतीसकट विचार करतो आहे."

मग तिघं भांडले. चांगलं मोठ्याने, एकमेकांचं वाक्य तोडत, आधी त्या एका घरावर भांडले होते तसेच. समीराने योनातनांना विचारलं की तुमच्या देशात तुमच्यासारखा विचार करणारे कितीसे उरले. योनातनांनी तोच प्रश्न तिला परत विचारला.  अबू फहद एका कोपऱ्यात बसून टिपणं घेत होते. संपताना त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्याच्या पानावर कोणाचा आक्षेप?"

कोणाचाच नव्हता.

ते पान आणि तिन्ही नकाशे, प्रत्येकाच्या आक्षेपांसह, अबू फहदनी सरकारातल्या जुन्या ओळखींतून जिथे पोचवायचे तिथे पोचवले. "बघतो" असं उत्तर आलं. मोठ्या टेबलांवर आमचा कागद पोचला की नाही मला माहीत नाही, आणि मी निवृत्त होईपर्यंत कळेल असंही वाटत नाही. याची खंत आहे. पण जे मी पाहिलं त्यावर माझा विश्वास आहे. एवढं भोगून झाल्यावर तीन माणसं पुन्हा टेबलाशी बसली आणि प्रत्येक जण दुसऱ्याच नकाशाशेजारी उभा होता. माणसं हलतात. माणसं हलतात तर रेघाही हलवता येतील, त्याला फक्त कोणीतरी काढायला बसलेलं हवं.

या उन्हाळ्यात हानीच्या नगरपालिकेतल्या माहेर नावाच्या जुन्या सहकाऱ्याचा त्याला फोन आला. ज्या भागात हजारो लोक तंबूत राहत होते तिथे पूर्वी एक बोअर होती, पण ढिगाऱ्यात जागा सापडत नव्हती. शाळा नाही, मशीद नाही, कोपरा नाही, ओळखायचं कशावरून? मी तेवढ्या भागाचं पान मोठं करून माहेरच्या फोनवर पाठवलं. त्याच्याकडचं नेटवर्क इतकं तुटक होतं की पान चार तुकड्यांत पाठवावं लागलं. माणसांनी दोन दिवस हाताने दगड उपसले. बोअरचं तोंड आमच्या खुणेपासून दोन पावलांवर निघालं.

माहेरने व्हिडिओ पाठवला. पाइपमधून आधी हवा, मग चिखल, मग गढूळ पाणी. हानीने तो आमच्या गटाच्या चॅटवर टाकला. खाली अरबीत लिहिलं, "खारट आहे. पण आहे."

योनातनांचं उत्तर काही मिनिटांत आलं. "पंप कशावर चालतोय? सोलर असेल तर पॅनेल किती?"

समीराने लिहिलं, "किती खारट? आकडा द्या."

हानी माझ्या शेजारी बसून माहेरला आकडा विचारत होता. मी पाण्याचं पान उघडलं आणि त्या बोअरला 'चालू' बोअरचा रंग दिला.